तीन माणसांचं काम

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपचं माप एकट्याला घेता येत नाही. दोघांनाही नीट जमत नाही. एकानं गाडीवर बसायचं, एकानं पुढून हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवायची आणि तिसऱ्यानं खाली बसून टेप लावायची. हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी नातवानं शिकवलं. गाडी मात्र त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात आहे.

गाडी येझदी रोडकिंग. १९८२ साली मी आणि धाकट्या भावानं दोघांत मिळून ती जुनी घेतली. निम्मे पैसे गुळाच्या पट्टीचे, निम्मे त्यानं दुसऱ्याच्या उसात भांगलण करून साठवलेले. त्या वेळी आमच्या गावात मोटरसायकली मोजून चार. त्यातल्या तीन राजदूत, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या. येझदी आमची एकच. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यानं चालायचे. दांडा आत दाबून वर उचलला की किक, खाली आणला की गिअर. नवख्याला ते उमगायचं नाही आणि आम्हाला त्याची गंमत वाटायची. दोन सायलेन्सर, पिस्टनचा धडधडाट. गाडी ओढ्यापलीकडं असली तरी आई म्हणायची, "आली बघा पोरं."

ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या घराण्यातली. म्हैसूरच्या कारखान्यात आधी ती जावा नावानं निघायची, १९७३ पासून येझदी झाली आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. जावाची जोडीदार सीझेड. त्या सीझेडवर बसून बेल्जियमच्या जोएल रॉबर्टनं १९६४, १९६८ आणि १९६९ साली २५० सीसीची मोटोक्रॉसची जगातली अजिंक्यपदं मिळवली. हे सगळं मला आता नातवाकडून कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की ही गाडी माळावर, ढेकळांत, चिखलात कुठंही घातली तरी कुरकुरत नाही.

धाकट्याला शर्यतीचा नाद लागला. १९८६ च्या उन्हाळ्यात, उसाचा हंगाम संपल्यावर, पलीकडच्या गावच्या माळावर मातीतल्या मोटरसायकलींची शर्यत भरणार होती. आम्ही गाडीचे दिवे काढले, पुढचा मडगार्ड काढला, मागचा निम्मा कापला. मागं जुन्या बाजारातून आणलेले दोन शॉकअप बसवले. त्यांच्या खालच्या अंगाला पाच खाचा होत्या. हूक पान्यानं कडं फिरवलं की स्प्रिंग एकेक खाच दाबली जायची. धाकट्यानं महिनाभर तिसऱ्या खाचेवर सराव केला.

सरावात मी बांधावर बसून बघायचो. उंचवट्यावरून गाडी खाली आली की मागचा भाग खटकन बसायचा, लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा आवाज यायचा. मला वाटायचं, स्प्रिंग मऊ पडतेय. धाकटा म्हणायचा, "दादा, मला सवय झाल्या. शॉकअपला हात लावू नकोस."

शर्यतीच्या आदल्या रात्री तो झोपल्यावर मी हात लावला. दोन्ही शॉकअप काढले. दोन इंची पाईपच्या एकेक सेंटीमीटरच्या दोन कड्या आधीच कापून ठेवल्या होत्या, त्या स्प्रिंगच्या डोक्यावर घातल्या आणि खालचं कडं शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवलं. कंदिलाच्या उजेडात तासभर लागला. डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलकट माती चिकटलेली दिसली. ती मी फडक्यानं पुसून टाकली. त्या तेलकट मातीचा अर्थ मला अडतीस वर्षांनी कळला.

सकाळी धाकट्यानं गाडी घेतली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या फेरीत, माळाच्या मधल्या उंचवट्यावर, गाडीच्या ढुंगणानं घोडा उधळल्यासारखी लाथ मारली आणि तो हँडलवरून पुढं गेला. गळ्याखालचं डावं हाड मोडलं. ते जुळलं, पण खांदा कायमचा जरा खाली राहिला. त्यानंतर त्याला उसाची मोळी डाव्या बाजूनं उचलता आली नाही. लोक म्हणाले, पोरानं घाई केली. मीही त्यांच्यात उभा राहून मान हलवली.

पुढं १९९८ साली वाटण्या झाल्या. गाडी माझ्या वाटणीला आली, त्यानं मागितली नाही. विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून आमचं बोलणं तुटलं. लग्नकार्यात आणि मयतीला एकमेकांपुढं उभं राहायचो, तेवढंच. गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांमागं उभी राहिली. मी तिला विकली नाही आणि खोललीही नाही.

गेल्या वर्षी नातवानं ती बाहेर काढली. तो कोल्हापुरात डिप्लोमा करतो. जुन्या गाड्या मातीत चालवणाऱ्या पोरांचा त्यांचा एक कंपू आहे. इंजिन त्यानं दोन महिन्यांत चालू केलं. टायर नवे घातले. मग एका रविवारी टेप आणि खडू घेऊन आला आणि म्हणाला, "आबा, आता मागचं सस्पेन्शन लावायचं. तुम्ही धरा."

त्याचा हिशोब साधा होता. मागच्या चाकाच्या आसाच्या मधोमध एक खूण, तिच्या बरोबर वर सीटखालच्या पाईपवर खडूची दुसरी. या दोन खुणांमधलं अंतर तीन वेळा मोजायचं. पहिल्यांदा गाडी स्टँडवर घेऊन, चाक अधांतरी असताना. दुसऱ्यांदा गाडी जमिनीवर, नुसत्या तिच्या वजनावर. तिसऱ्यांदा चालवणारा बूट, हेल्मेट घालून वर बसलेला असताना. पहिल्यातून तिसरं वजा केलं की माणसासकट गाडी किती बसते ते कळतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की ती एकटी किती बसते ते कळतं. आमच्या गाडीचं मागचं चाक एकूण १०० मिलिमीटर वरखाली होतं. त्यातलं तिसरा हिस्सा, म्हणजे तीसेक मिलिमीटर, माणूस बसल्यावर खर्ची पडायला पाहिजे.

मी म्हणालो, "गाडी बसायला कशाला पाहिजे? ताठ उभी राहिली तर चांगलंच की."

तो म्हणाला, "आबा, चाकानं वर यायचं तसं खालीही जायला पाहिजे. खड्डा आला की चाक खाली उतरून जमीन धरतं. आधीच ते खालच्या टोकाला टेकलेलं असलं तर उतरणार कुठं? हवेत राहणार. हवेतल्या चाकाला ना ओढ ना ब्रेक."

मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते उसाची गाडी भरताना दर थराला मागं सरकून बघायचे. भार पुढं गेला तर गाडी धुरजड होते, जू बैलाच्या मानेवर बसतं. मागं गेला तर उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाचा गळा आवळतो. मानेवर थोडा भार पाहिजेच. किती, ते बैल आणि वाट बघून ठरतं. भार अजिबात नको, असं वडील कधी म्हणाले नाहीत. मी मात्र गाडीच्या बाबतीत तेच केलं होतं.

त्या रविवारी आम्ही दोघांनीच माप घ्यायला बघितलं. नातू वर बसला, मी एका हातानं गाडी धरली, दुसऱ्या हातानं टेप. गाडी कधी माझ्याकडं कलायची, कधी त्याचा पाय जमिनीला टेकायचा. पहिल्यांदा १२ मिलिमीटर, मग १९, मग १५. नातू उतरला. "हे काही खरं नाही. आधी शॉकअप खोलून बघू."

दोन्ही शॉकअप घेऊन आम्ही उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं स्प्रिंगा सोडवल्या आणि त्या दोन कड्या बाहेर आल्या. गंजलेल्या, पण कानशीचे फराटे अजून दिसत होते.

"हे कुणी घातलं?" नातवानं विचारलं.

मिस्त्री म्हणाला, "पूर्वी लोकं घालायची. कडक म्हंजे चांगलं वाटायचं."

मी पानपट्टीवर जाऊन येतो म्हणून बाहेर पडलो.

परत आलो तर मिस्त्री नातवाला समजावत होता. शॉकअपमध्ये दोन कामं असतात. भार झेलतं ते स्प्रिंगचं काम. झेललेला भार पुन्हा हळूहळू सोडायचा, हे तेलाचं. दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो, त्याच्या बारीक भोकांतून तेल जातं-येतं, त्यामुळं स्प्रिंग एकदम उसळत नाही. सील गेलं की तेल झिरपतं, दांड्यावर माती चिकटते. आतलं तेल कमी झालं की शॉकअप फटकन बसतो आणि त्याहून जोरात उसळतो. "तवा माणसाला वाटतं स्प्रिंग मऊ झाली. मग ती कडक करतो. आता उसळी झाली दुप्पट, आन् धरायला तेल न्हाई. गाडी लाथ मारणार न्हाई तर काय?"

कंदिलाच्या उजेडातलं फडकं माझ्या डोळ्यांपुढं आलं. दुखणं तेलाचं होतं आणि मी औषध स्प्रिंगला दिलं होतं.

नातवाच्या डोक्यात आणखी एक होतं. १९७३ साली यामाहानं मागं दोन शॉकअपऐवजी टाकीखाली एकच लांब शॉकअप बसवला. कल्पना बेल्जियमच्या ल्युसियन टिलकेन्स यांची. स्वीडनचा हाकन अँडरसन त्याच वर्षी ती गाडी चालवून २५० सीसीचा जगज्जेता झाला. मग बाकीच्यांनी आपले दोन्ही शॉकअप चिमट्यावर पुढं सरकवून तिरके बसवायला सुरुवात केली. तेवढ्याच शॉकअपमध्ये चाकाला जास्त हालचाल मिळते. नातवाला तसं करायचं होतं.

मिस्त्रीनं मान हलवली. "पहारीनं धोंडा उचलतोस न्हवं? टेकू जवळ-लांब सरकवला की जोर बदलतो. शॉकअप पुढं घेतलास तर चाक जास्त हलंल, पर स्प्रिंगवर भार बी जास्त येईल. दुप्पट दमाची स्प्रिंग लागंल. आन् जिथं वेल्डिंग मारशील तिथनं चिमटा वाकंल. जुनी गाडी हाय, तिला तिच्या मापानं ऱ्हाऊ दे."

ते पटलं. मग सील बदलले. दोन्हींत तेल सारखंच पडायला पाहिजे, म्हणून नातवानं जनावरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज वापरली. तेल घातल्यावर शॉकअप उभा धरून दांडा सावकाश दहा-बारा वेळा वरखाली केला, आत अडकलेली हवा निघेपर्यंत. चिमट्याच्या बुशी हलत होत्या, त्या लेथवर नव्या करून घेतल्या. मागचं चाक आडवं हललं तर वरचं कुठलंच माप खरं येत नाही.

स्प्रिंगांची ताकद घरी तपासली. स्प्रिंग उभी ठेवून वर फळी आणि फळीवर डीएपीचं पोतं. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, डीएपीचं मात्र ५०. दोन बाजूंनी फळीला आधार देऊन बघितलं तर दोन्ही स्प्रिंगा २८ मिलिमीटर दबल्या. इतक्या वर्षांनी दोघी सारख्या निघाल्या.

मी म्हणालो, "मग आता कड्या काढून टाकू."

नातू म्हणाला, "नाही. आधी होतं तसं बसवू, माप घेऊ, मग एकेक बदलू. नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही."

कड्या परत आत गेल्या. आणि तिसरं माणूस पाहिजे होतं. माझा मुलगा बाजाराला गेलेला. बायका शेतात. नातू बांधावर चढला आणि पलीकडं उसाला पाणी पाजणाऱ्या माझ्या भावाला त्यानं हाक मारली. "तात्या, जरा येता काय? गाडी धरायला पाहिजे."

मी "अरे" म्हणेपर्यंत हाक गेली होती. धाकट्यानं खोरं सरीत रोवलं, पाय धुतले आणि आला. माझ्याकडं न बघता हँडलपुढं जाऊन उभा राहिला. टाकीवर एकदा हात फिरवला. मग विचारलं, "कसं धरू?"

"सरळ. ब्रेक लावू नका."

मी मातीत मांडी घालून टेप लावली. चाक अधांतरी असताना ५२० मिलिमीटर. गाडी खाली घेतली. नातू म्हणाला, मागून जरा वर उचलून हळूच सोडा, माप घ्या, मग खाली दाबून हळूच सोडा, परत माप घ्या. सील नवे असले की गाडी थोडी अडकून राहते, म्हणून दोन्हींमधलं धरायचं. नुसत्या गाडीवर ५२०. म्हणजे तसूभरही बसली नाही. नातू हेल्मेट घालून बसला, पाय पायदानावर. धाकट्यानं दोन्ही हातांनी हँडल दाबून धरलं. डावा खांदा खाली, ते मला खालून जास्तच दिसत होतं. माप आलं ५०४.

"सोळा," नातू म्हणाला. "पाहिजेत तीस. आणि गाडी एकटी तर बसतच नाही. म्हणजे खड्ड्यात उतरायला चाकाला काहीच शिल्लक नाही. तात्या, असल्या सेटिंगवर ही गाडी माणसाला फेकून देणार."

कुणी बोललं नाही. पलीकडं पाटाचं पाणी वाजत होतं. टेप माझ्या हातात तशीच होती.

"त्या कड्या मी घातल्यात," मी म्हणालो. "शर्यतीच्या आदल्या रात्री. तू झोपल्यावर."

धाकट्यानं हँडल सोडलं नाही. "ठाऊक हाय मला."

"कधीपास्नं?"

"खांदा बांधून गोठ्यात आलो तवाच बघितलं. कडं शेवटच्या खाचंला हुतं आन् पान्याचा चरा ताजा. तू सांगशील म्हणून थांबलो हुतो."

"मग?"

"मग काय. तू सांगितलं न्हाईस. फुडं पाळीचं भांडण निघालं, तवा मला बोलायला तेवढंच निमित्त झालं."

बारा वर्षं तो थांबला होता आणि मग सव्वीस वर्षं अबोला. मी पाण्याच्या पाळ्यांचा हिशोब वहीत मांडत बसलो होतो. तो तासाभराच्या पाण्यासाठी एवढा कसा अडून बसला, याचं मला नवल वाटायचं.

मला पुढं बोलायचं होतं. तेलाचं, फडक्याचं, मी लोकांत उभा राहून मान हलवली त्याचं. पण गाडीवर बसलेलं पोर हेल्मेटमध्ये घामानं भिजलं होतं. "आबा, तात्या, मी उतरू काय?" धाकटा हसला. "उतर. कड्या काढू."

कड्या काढल्या. खालचं कडं तिसऱ्या खाचेवर आणलं, धाकट्याच्या सरावातल्याच खाचेवर. परत तिघं आपापल्या जागी. चाक अधांतरी ५२०. नुसती गाडी ५०६. नातू बसल्यावर ४९०.

"गाडी एकटी चौदा, माणसासकट तीस," नातू म्हणाला. "स्प्रिंग बरोबर आहे."

धाकट्यानं विचारलं, "ते कसं कळलं?"

नातवानं सांगितलं. माणसासकट तीस आणायला स्प्रिंग आधीच एवढी दाबावी लागली, की गाडी एकटी बसतच नाही, तर स्प्रिंग मऊ. माणसासकट तीस आले, पण गाडी एकटीच पंचवीसेक बसली, तर स्प्रिंग कडक. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. दहा-पंधरा आले की जोडी जमली. माणूस बदलला की माप बदलतं. सत्तर किलोच्या माणसाचं पंचावन्न किलोच्याला चालत नाही.

"मी तवा पंचावन्नच हुतो," धाकटा म्हणाला.

संध्याकाळी नातवानं गाडी माळावर नेली. आम्ही दोघं बांधावर बसलो, मध्ये हातभर जागा सोडून. गाडी उंचवट्यावर गेली, खाली आली. मागचं चाक खाली उतरलं, जमिनीला लागलं, दबलं आणि सावकाश वर आलं. एकदाच. परत उसळलं नाही. धाकटा नुसतं चाक बघत होता.

मी म्हणालो, "डाव्याचं तेल गेलं हुतं तवा. मला दिसलं हुतं, पण कळलं न्हाई."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला तर ते बी दिसलं नव्हतं."

उठताना त्यानं माझ्या खिशाकडं हात केला. त्या दोन कड्या मी खिशात टाकल्या होत्या, विहिरीत टाकाव्यात असं मनात होतं. तो म्हणाला, "आण हिकडं. म्हशीच्या खुंट्याचं डोकं फुटाय लागलंय, ठोकून बसवतो."

मी दिल्या. दोन पावलं गेल्यावर तो मागं वळला. नातू तेव्हा गाडी बंद करून आमच्याकडं येत होता.

"पुढचं बी बघाय लागंल की रं," तो म्हणाला. "मागचं बरोबर केलं आन् पुढचं तसंच ठेवलं तर काय उपेग? येत्या रविवारी माझी पाळी न्हाई. येतो."